फलाटावरचे बेडूकराव

भाचीचा फोन आला तेव्हा आत्याबाई खुर्चीत बसून डुलक्या काढत होत्या. स्थानकावर एकतीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्यानंतर त्यांच्या जागी यंत्राचा आवाज आला होता, आणि तेव्हापासून दुपारी डुलक्या काढायला त्यांना सवडच सवड होती.

"आत्या, लगेच ये. फुकट क्रॉसओव्हर प्लॅटफॉर्म फायटिंग आहे. अनाउन्सर हवीय. पाचपर्यंत आवाज गेला नाही तर ते यंत्राचा लावणारेत."

आत्याबाईंना यातला शब्द न् शब्द कळला. क्रॉसओव्हर म्हणजे गाडी रूळ बदलते ती जागा. प्लॅटफॉर्म म्हणजे फलाट. फुकट म्हणजे विनातिकीट. म्हणजे रूळ बदलतात तिथल्या फलाटावर विनातिकीट प्रवाशांची मारामारी जुंपली होती आणि यंत्राला ती काही आवरता येत नव्हती. हे होणारच होतं, असं त्या निवृत्तीच्या दिवशीच म्हणाल्या होत्या. त्यांनी जुनी शिट्टी आणि घोषणांची वही पिशवीत टाकली आणि रिक्षा केली.

भाचीच्या खोलीत मारामारी नव्हती. कपड्यांचं कपाट रिकामं करून आवाज घुमू नये म्हणून आत गाद्या उभ्या केल्या होत्या आणि मधे मायक्रोफोन लोंबत होता.

"फलाट कुठंय?" आत्याबाईंनी विचारलं.

भाचीनं संगणकाकडे बोट दाखवलं. हा व्हिडिओ गेम होता. वेगवेगळ्या मालिकांमधली पात्रं यात एकत्र येत आणि हवेत तरंगणाऱ्या फलाटावर एकमेकांना बदडत. कडेवरून खाली पडला तो हरला. खेळायला पैसे पडत नव्हते. या सगळ्या गोंधळाला मराठीत आवाज देण्याचं काम भाचीनं एका कंपनीकडून घेतलं होतं आणि पाचपर्यंत नमुना पाठवायचा होता.

आत्याबाई क्षणभर खट्टू झाल्या. मग त्यांना यंत्र आठवलं. एकदा त्यांच्या तोंडचा घास त्यानं पळवला होता, दुसऱ्यांदा पळवू द्यायचा नाही. "चल, सुरू कर," त्या म्हणाल्या.

"आधी आवाज तपासते. पडद्यावर जे दिसेल ते सांग."

पडद्यावर चिलखत घातलेला एक बेडूक आणि अंतराळातली एक स्वयंपाकीण होती. तिच्या हातात भलामोठा झारा होता. आत्याबाईंनी घसा साफ केला.

"कृपया लक्ष द्या. बेडूकराव, आपण फलाटाच्या अगदी कडेला उभे आहात. मागे सरा." झारा बसला, बेडूक खाली गेला. "बेडूकराव फलाट सोडून गेले आहेत. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"छान, आवाज येतोय. आता खऱ्या ओळी," भाची म्हणाली. "पहिली ओळ आहे 'ठोका'. जोरात."

"ठोका," आत्याबाई अदबीनं म्हणाल्या.

"अगं, ओरडून म्हण. मारामारी चाललीये."

"म्हणूनच ओरडायचं नाही. आपण ओरडलो की माणसं पळतात, पळाली की पडतात."

"आत्या, त्यांनी पडायलाच हवंय."

हे काही आत्याबाईंच्या पचनी पडेना. पण यंत्राचा विचार करून त्यांनी कंबर कसली आणि त्या ओरडल्या. पहिल्यांदा मागे 'कृपया' लागलं. दुसऱ्यांदा शिंक आली. सातव्यांदा शेजारीण काय झालं म्हणून दार वाजवून गेली. एकोणिसाव्यांदा ओळ अगदी हवी तशी निघाली, आणि विसाव्यांदा आत्याबाईंच्या गळ्यातून नुसती हवा आली. आवाज बसला होता.

घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी होती आणि भाचीची पाचावर धारण बसली होती. तिनं जे झालं होतं ते पाठवून दिलं. मग तिनं पुन्हा संगणकात पाहिलं आणि डोक्याला हात लावला. एका फाइलचं नाव होतं 'आत्या शेवटची', दुसरीचं 'आत्या शेवटची खरी', आणि गेली होती ती तिसरीच, 'आत्या चाचणी'.

"बेडूकराव गेले, आत्या," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी घोळ घातला."

आत्याबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. दोनदा एकाच यंत्राकडून हरायचं म्हणजे फारच झालं. त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

तेवढ्यात कंपनीचं उत्तर आलं. भाचीनं ते मोठ्यानं वाचलं. "'सगळं ऑफिस हसून लोळतंय. दिलगीर आहोत हे तर चार वेळा ऐकलं. उरलेल्या दोनशे ओळीही याच आवाजात हव्यात. पण इतका थंडपणा माणसाला जमणं शक्य नाही. खरं सांगा, कुठलं यंत्र वापरलंत?'"

भाची भीतभीत आत्याबाईंकडे बघायला लागली. आत्याबाईंनी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि एकेका बोटानं स्वतःच उत्तर लिहिलं.

"यंत्र एकतीस वर्षं वापरलेलं आहे. दुपारी दोन ते चार बंद असतं. ओरडायला लावलं की बिघडतं. गैरसोयीबद्दल आम्ही अजिबात दिलगीर नाही."