मणक्यातलं सिमेंट

भिका मेस्त्री कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी भिंत ठोकतात. बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि यजमानाच्या तोंडावर सांगायचं, "पोकळ हाय." आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हे भटजींच्या देखत सांगितलं. मांडवीत त्यांच्या शेजारी राहून मला बारा वर्षं झाली, त्यातली निम्मी मी त्यांच्यावर चिडण्यात घालवली.

चिऱ्याची घरं बांधण्यात त्यांचा जन्म गेला. जगातली सगळी पडझड सिमेंटवर एकवीस दिवस पाणी न मारल्याने होते, अशी त्यांची खात्री. माझ्या भावाचं लग्न मोडलं तेव्हाही मान हलवून म्हणाले, "एकवीस दिवस तरी थांबायचं होतं."

इथवर हसण्यावारी नेलं. पण यंदा त्यांच्या बायकोच्या, सुशीलाकाकूंच्या छातीतला कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला. एक मणका पिचला. काकूंना बसता येईना, शिंक आली तरी डोळ्यांत पाणी. महिन्यातून एकदा कोल्हापूरहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "मोठं ऑपरेशन नाही. पाठीतून सुई घालून मणक्यात सिमेंट भरायचं. पंधरा मिनिटांत घट्ट होतं. आजार जाणार नाही, पण दुखणं बरंच कमी होईल."

"पंधरा मिनिटांत?" मेस्त्री उभेच राहिले. "आणि आत पाणी कोण मारणार?"

हे सिमेंट वेगळं, त्याला पाणी लागत नाही, असं बाईंनी परोपरीने सांगितलं. ऐकतो कोण? "चाळीस वर्षं मी गोट्या खेळलो काय?" म्हणत ते काकूंना घेऊन घरी आले. तीन आठवडे काकू आत कण्हत होत्या आणि हा गृहस्थ अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सिमेंट शिकवत होता. आजही आठवलं की डोकं फिरतं. शेवटी भर अंगणात मी ओरडलो, "काकूंची पाठ म्हणजे तुमचा स्लॅब नाय. तुमच्या अकलेपायी ती बाई हाल सोसतेय. लाज कशी वाटत नाय?"

आतून काकू म्हणाल्या, "गाडी बोलाव रे. सही मी करत्ये."

कोल्हापूरला सुई झाली. दुसऱ्या दिवशी काकू आधाराने उठून बसल्या. आठवड्याने दुपारी मी भेटायला गेलो, तर बोलता बोलता त्या आपल्याआपण कुशीवर वळल्या. मी बघतच राहिलो.

"ह्यांना सांगू नको," काकू हळूच म्हणाल्या. "चार महिने मला ह्यांनीच वळवलंय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय. सुई टोचताना मी गेले तर, म्हणून घाबरले होते. पाण्याचं आपलं निमित्त."

पडवीत पावलं वाजली. काकू पुन्हा उताण्या झाल्या.

"अहो, जरा वळवा मला."

मेस्त्रींनी हात धुतले, लुंगीला पुसले. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्यांनी काकूंना अलगद वळवलं.

"दुखतंय?"

"थोडं," काकू म्हणाल्या.

मेस्त्रींनी पाठीवरचा हात तसाच ठेवला.