वाढणारीचं ताट

सुट्टीत सगळं घर जमलं आणि पहिल्याच जेवणाला धाकट्या नातीनं तोंडाला कुलूप घातलं. घरात तिला मिरची म्हणत. भात, दूध, बटाटा, बस्स! पांढरं नाही ते अन्नच नाही, असा बाईसाहेबांचा कायदा.

"लाडावून ठेवलीय," आजींनी सुनेला ऐकवलं. "माझी पोरं ताटात पडेल ते मुकाट गिळायची. संध्याकाळी माझी भोपळ्याची भाजी करते. मिरचीनं वाटी रिकामी नाही केली, तर उद्यापासून स्वयंपाकघर तुझं. मी ओट्याला हात लावणार नाही!"

सून नुसती हसली. पण लेकीनं ऐकलं, जावयांनी ऐकलं. माघार घ्यायची सोयच उरली नाही.

संध्याकाळी आजींनी मिरचीला शेजारी घेतलं.

"एकच घास, माझी शहाणी बाय."

मिरचीनं आजींच्या ताटात डोकावून पाहिलं. "तुझा भोपळा कुठंय?"

सगळ्यांचे हात थांबले. खरंच की! आजन्म आजींनी भोपळा आग्रह करकरून वाढला, पण खाल्ला कधीच नाही. लहानपणापासून त्यांना त्याच्या वासानंच मळमळायचं. वाढणारीच्या ताटात कोण बघतंय, म्हणून निभावलं होतं.

"मी मागाहून घेईन."

"मग मीपण मागाहून."

सुनेनं तत्परतेनं डावभर भाजी आजींच्या ताटात वाढली. "घ्या ना आई, लाजू नका."

आजींनी डोळे मिटून घास घेतला. मग डोळे खाडकन उघडले. वासाची तयारी होती, चवीची नव्हती. आधी गुळमट, मग करपट, आणि शेवटी मिठाचा दणका.

"अगं बाई! आज बिघडली वाटतं?"

जावई घटाघटा पाणी प्यायले.

"नेहमी अश्शीच असते?"

"अगदी अशीच," मुलगा ताटाशी बोलल्यासारखा म्हणाला.

"मग इतकी वर्षं तोंडं शिवली होती का तुमची?"

"संपवल्याशिवाय तू उठू कुठं द्यायचीस, आई?"

आजींचा चेहरा एवढासा झाला. ते बघून मिरचीला कसंतरीच वाटलं. "आजी, रडू नको. मी खाते सगळी," म्हणत तिनं वाटी ओढली, डोळे घट्ट मिटले आणि आ केला.

स्वयंपाकघर एका घासावर येऊन थांबलं होतं. सून श्वास रोखून बघत राहिली.

"खबरदार तोंडाला लावशील तर!" आजींनी वाटी हिसकावली आणि सुनेपुढे आदळली. "उद्यापासून ओटा तुझा. मी नुसती बसून चुका काढीन."

मग नातीला जवळ ओढून, मान तशीच ताठ ठेवून, त्या म्हणाल्या, "आणि आता आम्हा दोघींना जरा पांढरं वाढ."