नानांच्या खोळी

शेजारच्या नानांकडे टीव्ही बघायचा तर आधी टीव्हीची खोळ काढावी लागते, मग रिमोटची, मग बसायच्या खुर्चीची. तोवर बातम्या संपलेल्या असतात.

रावेरकडे नानांची केळीची बाग होती. थंडीत घडांवर पिशव्या चढवण्यात त्यांचा जन्म गेला. त्या पिशवीला ते आपल्या बोलीत 'खोय' म्हणतात. उशीचा अभ्रा खोय, मोबाईलचं कव्हर खोय, माझी कानटोपीसुद्धा खोयच. बाग पुतण्याकडे सोपवून ते पिंप्राळ्यात राहायला आले आणि घडांऐवजी आमची कॉलनी त्यांच्या तावडीत सापडली.

आमचा मिक्सर झाला, तुळशीची कुंडी झाली. उन्हाळ्यात बायकोने गच्चीवर कुरडया घातल्या, तर त्यांच्यावरही खोळ. सगळ्या आतल्या आत आंबल्या.

"नाना, अहो, कुरडयांना ऊन लागतं."

"धूय बसते ना, भाऊ. धूय कोनाले सोडते?"

आता या माणसापुढे काय डोकं आपटायचं?

परवा त्यांनी माझ्या स्कूटरला खोळ घातली आणि वर घडाला मारतात तशी गाठ मारली. ती काही सुटेना. रिक्षाने ऑफिसला पोहोचलो, उशिरा, आणि साहेबांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी दोरी कापली, खोळ काखोटीला मारली आणि तणतणत नानांकडे गेलो.

"आमच्या वस्तूंना पुन्हा हात लावू नका. ही घ्या तुमची खोळ."

नानांनी ती उलटसुलट करून पाहिली. "शिवन नाही ना कापली?" एवढंच विचारलं.

मग त्यांनी पेटी उघडली. आत खोळीच खोळी, नीट घड्या घातलेल्या. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, आजारपणात बसल्या बसल्या शिवलेल्या. अक्का गेल्याला आता वर्ष होईल.

"घरात इतक्या वस्तूच नाही, भाऊ," नाना म्हणाले. "पेटीत पडून सडतीन. म्हनून तुमच्याकडे घालतो."

कोपऱ्यात अक्कांचं शिलाई मशीन होतं. सगळ्या घरात तेवढंच उघडं. सुईखाली निळ्या फुलांचं कापड, अर्धवट शिवलेलं.

"आणि याला?"

"त्याचीच खोय व्हती ती. राहून गेली." नाना खांद्यावरच्या टॉवेलने मशीन पुसू लागले.

मी खोळ परत मागून घेतली आणि घरी येऊन स्कूटरला घातली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला पुन्हा उशीर झाला. या वेळी गाठ मी मारली होती.