सासऱ्यांनी कापलेलं ग्लुकोज

पाणीखात्यातल्या कारकुनाने एके दिवशी ठरवलं, की विद्यापीठाचे संध्याकाळचे वर्ग सुरू व्हायच्या आधी सेंद्रिय रसायनशास्त्र घरच्या घरी उरकून टाकायचं. (‘उरकून टाकायचं’ हा शब्द त्याचाच. रसायनशास्त्राला कुणी विचारलं नव्हतं.)

घरच्या अडचणीपायी कॉलेज सुटून एक तप उलटलं, पण प्रयोगशाळेचा वास काही नाकातून गेला नव्हता. पाणीपट्टीची बिलं तपासता तपासता तो हरवून जायचा. शरीरात गेल्यावर साखरेचं नेमकं काय होतं, हे समजल्याशिवाय आपल्याला सुखाने मरण यायचं नाही, असं तो म्हणायचा. “डब्यातल्या साखरेचं काय होतं, ते मला विचारा,” बायको म्हणायची. पण प्रवेश मिळाला तेव्हा एप्रनसाठी पांढरंशुभ्र कापड तिनेच आणलं. ती शिवणकाम करायची, आणि एप्रनशिवाय प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देत नसत.

वर्ग सोमवारपासून. रविवारी सकाळी ते कापड कटिंगच्या टेबलावर पसरलेलं होतं. इकडे ग्लुकोजच्या रेणूचं षटकोनी कडं वहीत मावेना. त्याने बायकोचा निळा खडू उचलला. (खडूच तर आहे, झटकला की गेला!) एका षटकोनाला दुसरा जोडत त्याने कापडभर पिष्टाच्या रेणूची साखळी काढली आणि गाणं गुणगुणत आंघोळीला गेला.

तेवढ्यात लेकीला मदत करायला सासरे आले. जन्मभर कारखान्यात कापड कापलेला माणूस. रेघेवर कापायचं, रेघेला कारण विचारायचं नाही, हा त्यांचा धर्म.

“मामा! हे काय केलंत?” आंघोळीहून आलेला कारकून किंचाळला.

“का? रेघा तुमच्याच ना? म्हटलं, हवा खेळती राहावी म्हणून भोकं असतील.”

“अहो, ते ग्लुकोज होतं!”

“असेल बुवा. कोपरे कसे टोकदार आलेत बघा.”

“बाबा, विचारायचंत तरी!” बायको ओरडली.

“विद्यापीठात जाणारा माणूस. त्याला मी काय विचारणार?”

कारकून एक षटकोन हातात धरून तिथेच खाली बसला. इतकी वर्षं वाट पाहिली आणि दारातूनच परत यायचं! त्याचा चेहरा पाहून बायकोचा राग निम्मा उतरला.

“उठा. ठिगळं लावते. आणि ह्यापुढे अभ्यास वहीत!”

सोमवारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. गॅसचा, स्पिरिटचा, जुन्या लाकडाचा तोच वास. त्याने तो छातीभर ओढून घेतला आणि डोळे उगाचच भरून आले.

तिथल्या मदतनिसाने त्याचा एप्रन खालीवर न्याहाळला. इतकी ठिगळं फक्त वर्षानुवर्षं ॲसिड सांडणाऱ्यांच्याच एप्रनला असतात.

“जुने नापास पलीकडच्या टेबलाला. यंदा तरी पास होऊन निघा बाबा!”

नापास व्हायलासुद्धा आधी आत यावं लागतं. मदतनिसाचा विचार बदलायच्या आत कारकून लगबगीने पलीकडे पोचला.

तिथल्या एका खऱ्याखुऱ्या नापासाने अदबीने सरकून जागा दिली.

“बसा काका. तुम्हाला बघून धीर आला.”