नळ्यातून जाणाऱ्या वस्तू

"हा एकदा त्या गाडीखाली गेला ना, की जेवायलासुद्धा पाय धरून बाहेर ओढावा लागेल," असं सासूबाईंनी तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "याच्या बापाचंही तेच झालं. अजून वेळ आहे, मोडीत काढायला लाव."

तिने ते हसण्यावारी नेलं. नवरा सुट्टीच्या दिवशी कुठेतरी भटकण्यापेक्षा घरच्या गॅरेजमध्ये गाडीखाली पडलेला काय वाईट, असा सुशिक्षित विचार तिने केला होता. तेव्हा तिला मूल नव्हतं.

आता अकरा महिन्यांचं पिल्लू होतं आणि ते रांगत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून गॅरेजपर्यंत त्याला दूध उतू जायला लागतो तेवढाच वेळ लागायचा. हे तिने मोजलं होतं, दोनदा.

गाडी सासऱ्यांची, तीस वर्षांची. गेले चार महिने नवरा तिचा कायापालट करत होता. जुना कार्ब्युरेटर जाऊन तिथे फ्युएल इंजेक्शन आलं, टाकीत विजेवर चालणारा पंप बसला, पेट्रोलचे पाइप बदलले. चावी फिरवली की पंप गुणगुणायचा आणि इंजिन लगेच सुरू व्हायचं. फक्त पुढची दोन्ही चाकं जागेवर नव्हती. पुढचं सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा, शॉक-ॲब्सॉर्बर, खालचे आर्म, सगळं उकलून ठेवलेलं, आणि गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर नाक वर करून बसलेली.

बुधवारी सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. "रविवारी चार वाजता भंगारवाला येतोय. तोवर स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर ती गाडी. नाहीतर भंगार."

"आई, चार दिवसांत सस्पेन्शन होतं का कधी?"

"चार दिवसांत माझं लग्न ठरून लागलं होतं. आणि तुझ्या बाबांमध्ये बिघाड जास्त होते."

आतल्या खोलीतून सासरे खाकरले. आठवड्यापूर्वी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, वाकायला बंदी. बोलायला बंदी नव्हती, पण या विषयावर ते आपणहून गप्प राहायचे.

नवऱ्याची एक पद्धत होती. काढलेला प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर तो जुन्या चादरीवर काढला त्याच क्रमाने मांडायचा. डाव्या चाकाचं डावीकडे, उजव्याचं उजवीकडे. ती चादर म्हणजे त्याचा नकाशा होता. शुक्रवारी तो ऑफिसात असताना पिल्लू त्या नकाशाच्या मधोमध बसलेलं सापडलं. एका हातात वॉशर, चेहऱ्यावर चिंतन. त्याच्या दुसऱ्या मुठीतून तिने काय काढलं, ते नीट बघायच्या मनःस्थितीत ती नव्हती.

बालसंगोपनाच्या पुस्तकात तिने वाचलं होतं, की टिश्यूच्या रोलमधल्या पुठ्ठ्याच्या नळ्यातून जी वस्तू आरपार जाते, ती मुलाच्या घशात अडकू शकते. पिल्लाला पाठुंगळीला बांधून तिने चादरीवरची एकूणएक वस्तू त्या नळ्यात घालून पाहिली. दोन तास लागले. मग दोन डबे केले, झाकणं घट्ट लावली आणि वर चिठ्ठ्या डकवल्या: 'जातं' आणि 'जात नाही'.

संध्याकाळी नवरा रिकाम्या चादरीकडे बघत राहिला.

"हे काय?"

"सुरक्षित केलंय. सगळं आहे त्यात."

"डावं कुठलं आणि उजवं कुठलं?"

"गिळणाऱ्याला डावं-उजवं नसतं," ती म्हणाली.

तो रात्रभर डबे उपसत बसला आणि शनिवारी सकाळी पांढऱ्या चेहऱ्याने आत आला. "एक कमी आहे."

"कुठल्या डब्यातला?"

डबा त्याच्या हातातच होता. 'जातं'.

पुढच्या वीस मिनिटांत ती दोघं डॉक्टरांसमोर होती. पिल्लू डॉक्टरांचा स्टेथोस्कोप चघळत होतं.

"कधी गिळलं?"

"गिळलं की नाही तेच माहीत नाही. एक नट कमी आहे."

"कसला नट?"

"पुढच्या सस्पेन्शनचा. खालच्या आर्मचा," नवरा म्हणाला. "वरून मुकुटासारख्या खाचा असतात. आता बाजारात मिळत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्हाला मुलाची काळजी आहे की नटाची?"

"दोन्..." इतकं त्याच्या तोंडून गेलं आणि त्याने बायकोकडे पाहिलं. "मुलाची."

एक्स-रे स्वच्छ निघाला. तिने आडव्या बाजूनेही काढायला लावला. तोही स्वच्छ. घरी आल्यावर नवऱ्याने सगळे पाने पुसले, आकाराप्रमाणे लावले आणि पेटी बंद केली. आजवर त्याने पेटी कधी बंद केली नव्हती.

"येऊ दे भंगारवाल्याला," तो म्हणाला. "माझ्या हौसेपायी पोराच्या पोटाचे फोटो काढायची वेळ आली."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी दुपारी दोन वाजता सासऱ्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे होते. औषधांचं कपाट सगळ्यात उंच, कुलूपबंद, किल्ली तिच्या गळ्यात. थेंबांची बाटली उचलताच मागून काहीतरी घरंगळलं. मुकुटासारख्या खाचा. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, शुक्रवारची तारीख, आणि तिच्याच वळणदार अक्षरात: 'अतिधोकादायक'.

शुक्रवारी पिल्लाच्या मुठीतून काढलेला नट तिनेच इथे कोंडला होता आणि ती साफ विसरली होती. मग तिने चिठ्ठी चावून गिळली. ती नळ्यातून सहज गेली असती. सासऱ्यांच्या डोळ्यात थेंब घातले, झोपलेल्या पिल्लाभोवती उशा रचल्या आणि ती गॅरेजमध्ये गेली.

नवरा गाडीखालीच होता. "भंगारात जाताना तरी धड जाऊ दे," म्हणून होतं नव्हतं ते जोडत होता. मागोमाग सासरेही चाचपडत आले आणि स्टुलावर बसले.

"मी एकदा शोधू का?" असं म्हणत ती आडवी झाली, सरपटत आत गेली, घोड्याच्या पायामागे हात घातला आणि म्हणाली, "हा काय?"

नवऱ्याने नट डोळ्यांजवळ धरला. "इथे मी तीनदा झाडलंय."

"नीट झाडलं नसशील."

"सूनबाई," वरून सासऱ्यांचा आवाज आला, "मला धड दिसत नाही, पण ऐकू येतं. कपाट उघडलं, काहीतरी लोखंडी घरंगळलं, आणि मग तू बराच वेळ श्वास घेतला नाहीस."

"तुझ्या सासूला मी काही सांगणार नाही. तिने लपवून विसरलेला दागिन्यांचा डबा एकदा असाच या गाडीत सापडला होता, तेही मी सांगितलेलं नाही. एकोणीस नंबरचा पाना घ्या."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. ओरडायला त्याच्याकडे वेळ नव्हता. "आलीच आहेस तर हा आर्म वर ढकलून धर. दोन्ही हातांनी. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

आता साडेतीन वाजलेत. सासूबाई फाटकाशी उभ्या राहून रस्त्याकडे बघतायत. गाडीखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर आल्यात, त्यातली एक तिची. आतल्या खोलीत पिल्लू झोपलंय, निदान झोपलं होतं, आणि गेल्या पाच मिनिटांत तिकडून काहीच आवाज आलेला नाही. आवाज न येणं हे तिला कधीच चांगलं लक्षण वाटलेलं नाही.

तुमचे हात मोकळे दिसतायत म्हणून ती विचारतेय. स्वयंपाकघरातून डावीकडे, दार ढकललं की उघडतं. जरा बघून येता? जागं असेल तर दोन्ही मुठी उघडून बघा. नळा फ्रिजवर ठेवलाय.