सहा घोडे, सातवं डोकं

"जरा कान इकडे करा," मास्तर म्हणाले आणि शिंप्याचा कान त्यांनी स्वतःच दोन बोटांत धरून इकडे केला. "रविवारची मोठी शर्यत. चार नंबर. डोळे मिटून लावा."

"चार? त्याला तर कुणी हिशेबातही धरत नाही."

"म्हणूनच भाव चांगला मिळतोय. पण कुठे बोलू नका हं. बातमी फुटली की भाव गडगडलाच म्हणून समजा."

"मास्तर, ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाही!" शिंपी पांढऱ्या कापडाच्या आत शहारून म्हणाला.

मास्तरांचं सलून रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत होतं. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक, कोपऱ्यात रेडिओ आणि मागे पडदा. पडद्यापलीकडे घर. केस ते बरे कापत, म्हणजे कापलेले परत चिकटवून द्या असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. तरीही बाक कायम भरलेला असे, कारण मास्तरांचा कानमंत्र. मोठ्या शर्यतीच्या आधी मास्तरांकडे जाऊन आलेला माणूस डोकं हलकं आणि छाती फुगलेली अशा अवस्थेत बाहेर पडत असे.

आता खरं सांगायचं तर मास्तरांना घोड्यातलं काडीचं कळत नव्हतं. घोड्याला पुढे तोंड आणि मागे शेपूट असते, एवढ्याबद्दल त्यांची खात्री होती. पण त्यांची युक्ती बिनतोड होती. शर्यतीत जितके घोडे, तितकी गिऱ्हाइकं निवडायची आणि प्रत्येकाच्या कानात वेगळा घोडा सोडायचा. कुणीतरी एक जिंकणारच. तो मिठाईचा पुडा घेऊन येई आणि मास्तरांचे गोडवे गात फिरे. बाकीच्यांना सांगायला जॉकीने लगाम खेचला, मैदान ओलं होतं, घोड्याचं पोट बिघडलं अशी कारणं तयारच असत. मास्तर ती इतक्या पडलेल्या चेहऱ्याने सांगत की हरलेला माणूस उलट त्यांचीच समजूत घालून जाई.

पंचाईत एकच होती. कुणाला कुठला घोडा दिला हे मास्तरांच्या लक्षात राहत नसे. एकदा त्यांनी दातांच्या डॉक्टरांना खांद्यावर हात ठेवून धीर दिला होता आणि डॉक्टरांच्या हातात मिठाईचा पुडा होता. लिहून ठेवावं तर कुणाच्या हाती लागायची भीती. तेव्हापासून मास्तरांनी स्वतःच्या डोक्यावर विसंबणं सोडलं आणि गिऱ्हाइकाचं डोकं वापरायला सुरुवात केली. डावा भांग म्हणजे एक नंबर, उजवा भांग म्हणजे दोन. मिशी बारीक कोरली तर तीन, मिशीची टोकं खाली वळवली तर चार. मानेवरची रेघ सरळ मारली की पाच, आणि डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर खाली ठेवला की सहा. शर्यतीनंतर गिऱ्हाईक दारात दिसलं की मास्तर एका नजरेत ओळखत, हसायचं की रडायचं. गिऱ्हाइकाला आपलं वाटे, मास्तरांचा हात जरा तिरका चालतो.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सहाही घोडे वाटून झाले. मास्तर वस्तरा पुसत होते, तेवढ्यात दारात मापसाहेब उभे राहिले आणि मास्तर पुसलेला वस्तरा पुन्हा पुसू लागले.

मापसाहेब हे मास्तरांचे व्याही. म्हणजे अजून झाले नव्हते, होऊ घातले होते. त्यांचा मुलगा आणि मास्तरांची मुलगी एकाच प्रयोगशाळेत कामाला होती आणि दोघांचं आपापसांत ठरलेलं होतं. उरला होता फक्त मापसाहेबांचा होकार. त्यांचा उभा जन्म वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून गेला होता. ते निवृत्त झाले तेव्हा खात्यातून फक्त त्यांचं शरीर बाहेर आलं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहाचा कप डोळ्यांसमोर धरून म्हणाले होते, "काठापासून बोटभर कमी आहे." आणि जाताना, "कळवतो." तेव्हापासून मास्तरांची मुलगी जेवतानासुद्धा फोन ताटाशेजारी ठेवत होती.

"दाढी," मापसाहेब खुर्चीत बसत म्हणाले. साबणाचा फेस गालावर चढला तसा त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, लोक म्हणतात, घोड्यांच्या बाबतीत तुमचा शब्द खाली पडत नाही."

"लोकांचं काय, ते काहीही म्हणतात."

"मी कधी शर्यतीच्या वाटेला गेलो नाही. पण रविवारी कुठला घोडा जिंकणार ते मला सांगा. मी आयुष्यभर दुकानदारांची वजनं तपासली. आता सोयरीक करायची तर माणसाचा शब्द वजनाला उतरतो का, ते बघायला नको? उतरला तर रविवारीच लग्नाची तारीख काढू."

"आणि नाही उतरला तर?"

"साबण डोळ्यात चाललाय," मापसाहेब म्हणाले.

मास्तरांनी कसाबसा वस्तरा चालवला. "उद्या सांगतो. अजून आतून पक्कं व्हायचंय," एवढंच ते बोलू शकले.

मापसाहेब गेले तसा पडदा बाजूला झाला. पडद्यामागे बायको होती, तिच्या मागे मुलगी.

"अहो, इतकी वर्षं गावाला घोडे सांगताय. एक खरा सांगा की!"

"खरा कुठून आणू? माझ्याकडे आजवर एकही नव्हता."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही त्यांना सरळ सांगा ना, मला कळत नाही म्हणून."

"आणि मग ते विचारतील, इतके दिवस काय करत होतात? तेव्हा काय सांगू?"

मुलगी फोन उचलून आत गेली. तिची ती पाठ बघून मास्तरांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीचं पत्रक विकत आणलं आणि चष्मा लावून अभ्यासाला बसले. प्रत्येक घोड्यापुढे मागच्या शर्यतींचे निकाल होते, जॉकीचं नाव होतं आणि वजन होतं.

"एक नंबर बाद," मास्तर म्हणाले. "वजन बघ केवढं! एवढा जाडा घोडा पळणार कसा?"

"ते त्याच्या पाठीवरचं वजन असेल हो," बायको म्हणाली. " साठ किलोचा घोडा कुठे असतो? चांगल्या घोड्यावर जास्त लादतात, खाली लिहिलंय."

"चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात होय? मग तो दमणारच. तरीही बाद."

दोन नंबर मागच्या वेळी दुसरा आला होता म्हणून बाद, कारण त्याला दुसरं यायची सवय लागली असणार. तीन नंबर मागच्या वेळी जिंकला होता. आता त्याला माज आला असेल. चारला तर त्यांनी स्वतःच कुणाच्या तरी गळ्यात मारलं होतं, त्यामुळे त्याचा विचार करायलाही त्यांना लाज वाटली. चहा निवेपर्यंत सगळे घोडे बाद झाले. आता शर्यत जिंकायला एकटे मास्तरच उरले होते.

मग जाणकारांनाच विचारावं म्हणून ते शिंप्याच्या दुकानात गेले.

"काय म्हणता? रविवारी कोण येईल असं वाटतं?"

शिंप्याने टाचणी ओठांत धरली आणि डोळा मारला. "कसली शर्यत? आपल्याला काही माहीत नाही बुवा."

"अहो, मी मनापासून विचारतोय."

"ओळखलं मास्तर! परीक्षा घेताय. मान कापली तरी तोंडातून आकडा निघणार नाही."

दातांच्या डॉक्टरांनीही हेच केलं. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी स्वतःचं उघडलं नाही. आपण लोकांना गुप्तता इतकी चांगली शिकवली असेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं.

शेवटी ते पागेकडे वळले. तिथे नालबंद एका घोड्याचा पाय मांडीवर घेऊन नाल ठोकत होता. त्याची दाढ इतकी सुजली होती की हनुवटीपासून डोक्यापर्यंत मफलर गुंडाळलेला, फक्त नाक आणि डोळे बाहेर. जो माणूस घोड्यांचे पाय रोज मांडीवर घेतो, त्याला कळणार नाही तर कुणाला? मास्तर त्याच्या कानापर्यंत, म्हणजे मफलरापर्यंत वाकले.

"रविवारी कुठला रे?"

नालबंदाला तोंड उघडवत नव्हतं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा उभा केला.

"सहा? नक्की?"

नालबंदाने मफलरासकट मान हलवली आणि डोळा मारला.

मास्तर हवेत तरंगत परतले. खुद्द पागेतली बातमी! सहा नंबर आपण कुणाला दिला होता, हे वाटेत त्यांनी जरा आठवून पाहिलं, पण आठवेना. आठवायची गरजही नव्हती, सोमवारी कल्ला सांगेलच. संध्याकाळी मापसाहेब आले तेव्हा मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "व्याही, सहा नंबर. हा माझा शब्द." बोलता बोलता त्यांनी मापसाहेबांचे कल्लेही सारखे करायला घेतले. मन भरून आलं असलं तरी हाताला खऱ्या घोड्याची सवय नव्हती. तो सहा नंबरच्या वळणाने गेला.

"ठीक," मापसाहेब उठत म्हणाले. "रविवारी शर्यत इथेच रेडिओवर ऐकू."

शर्यतीच्या दिवशी मास्तर दुकान कधीच उघडत नसत, आणि ते शहाणपणाचं होतं. त्या रविवारी मापसाहेब आत आरशासमोर बसले होते. दार उघडं दिसलं आणि आतून रेडिओ ऐकू आला, तसा आधी शिंपी डोकावला. मग बेकरीवाला आला. मग चित्रकलेचे सर आणि चष्म्याचा दुकानदार आले. शेवटी दातांचे डॉक्टर आले आणि त्यांच्यासोबत नालबंद. त्याची दाढ डॉक्टरांनी सकाळीच काढली होती, त्यामुळे गाल उतरला होता आणि मफलरही. मास्तर दारात कुणाला "आज बंद आहे" म्हणत होते, कुणाला "बसा" म्हणत होते, आणि दोन्हीचा उपयोग होत नव्हता.

घोडे सुटले.

"चल चार!" शिंप्याच्या तोंडून निघून गेलं.

"कसला चार? पाच!" डॉक्टर ओरडले.

"दोन, दोन!" बेकरीवाला बाकावर चढला.

"अहो, दोन कुठला? मला खात्रीची बातमी आहे, तीन!" चित्रकलेच्या सरांनी बाक हलवला.

मग हळूहळू आवाज बसत गेले. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "तुम्हाला पाच कुणी सांगितला?" शिंप्याने विचारलं. डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मास्तर रेडिओच्या बटणाशी उगाच खेळत होते. तेवढ्यात निकाल आला. चार नंबर पहिला आणि सहा नंबर सगळ्यांत शेवटी.

"मास्तरांना कुणी काही बोलायचं काम नाही!" शिंपी उठून उभा राहिला. "देवमाणूस आहे!"

त्याचं कुणी ऐकलं नाही. मापसाहेब मात्र आरशात पाहत होते. त्यांनी अंगठ्याने स्वतःचा डावा कल्ला मोजला, मग उजवा. मग वळून नालबंदाचे कल्ले पाहिले, आणि बाजारातले तराजू तपासावेत तशी एकेक डोकी तपासत बाकाच्या टोकापर्यंत गेले.

"मिशी खाली, चार. रेघ सरळ, पाच," ते पुटपुटले. "सहा घोडे, सहा गिऱ्हाइकं. कुणाला दोन नाहीत, कुणी रिकामा नाही. माप चोख आहे, मास्तर. पण मग मी सातवा कोण? ह्या नालबंदाचा घोडा मला का?"

"मला शुक्रवारी मास्तरांनीच सांगितला," नालबंद रिकाम्या हिरडीतून म्हणाला. "आणि शनिवारी माझ्या लक्षात आहे की नाही हे बघायला पागेत आले. बोलता येत नव्हतं, म्हणून बोटं दाखवली."

मास्तर मटकन आपल्याच खुर्चीत बसले. पागेतली ती खात्रीची बातमी त्यांनीच पागेत सोडली होती. त्यांना इतकी लाज वाटली की आरशाकडे पाहवेना.

"व्याही," ते म्हणाले, "ह्या सगळ्यांना मी थापा मारल्या. नेहमीच मारतो. पण तुम्हाला दिला तो खरा समजून दिला हो. पोरीची शप्पथ. आयुष्यात ह्या एकाच घोड्यावर माझा विश्वास बसला होता."

"आणि तोच शेवटी आला."

"तोच."

पडद्यामागे कुणीतरी हुंदका गिळला. मापसाहेबांनी तो ऐकला असावा, कारण त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"खोटी वजनं वापरणारे पुष्कळ पकडले मी. स्वतःच्याच खोट्या वजनाने स्वतःला फसवून घेणारा पहिलाच बघतोय," ते म्हणाले. "पण घरच्या माणसाला जाणूनबुजून खोटं दिलं नाहीत. तेवढं वजन मला पुरे. तारीख घरी विचारून संध्याकाळी सांगतो. मुलीला म्हणावं, जेवताना फोन बाजूला ठेव." मग ते आरशाकडे वळले. "आता आधी हा कल्ला सरळ करा."

त्या आठवड्यात बाक रिकामा राहणार अशी मास्तरांनी मनाची तयारी केली होती. पण शुक्रवारी बाक नेहमीसारखाच भरला. प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तर हात जोडून सांगत होते, "मला घोड्यातलं काही कळत नाही." आणि प्रत्येक गिऱ्हाईक समजूतदारपणे मान हलवत होतं, "बरोबर आहे, सगळ्यांसमोर तसंच म्हणा. मला कानात सांगा."

दुकान बंद होता होता मापसाहेब आले. खुर्चीत बसले. साबणाचा फेस गालावर चढेपर्यंत थांबले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, परवाच्या शर्यतीचं काय?"

"व्याही, आता सोडलं ते सगळं. ज्याच्यावर माझा विश्वास बसतो तो शेवटी येतो, तुम्ही स्वतःच पाहिलंत."

"पाहिलं म्हणूनच विचारतोय," मापसाहेब डोळे मिटून म्हणाले. "तुमचा ज्याच्यावर अजिबात विश्वास नाही, असा एक सांगा. आणि कल्ले सारखे ठेवा. आमच्या घरी कळता कामा नये."