उपवासकाळातला हालेलुया

गावठी उपचार करणाऱ्या दोन्या फिलोमेनाने सुल्माच्या पोटापासून आपल्या कोपरापर्यंत फीत पुन्हा मोजली आणि मान हलवली. "एम्पाचोच हा. अन्न चिकटलंय आतड्याला." मग पोरीला पालथं घालून पाठीची कातडी चिमटीत धरून ओढली. 'टक्' वाजलं की पोट सुटतं म्हणतात. वाजलं नाही, सुल्मा रडली तेवढी.

तीन वर्षांची पोर. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. आठवडा आठवडा शौचाला होत नसे. पपई झाली, एरंडेल झालं, देवमातेपुढे मेणबत्त्याही झाल्या. उलट्या सुरू झाल्या तशी तिच्या आईने, नेलिदाने, तुकुमान शहरातल्या इस्पितळाकडे जाणारी बस धरली. आजी हर्मेलिंदा मागोमाग चढली, फिलोमेनाची फीत पिशवीत घालून.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जन्मल्यावर पहिली काळी शी कधी केली?"

आजीने नातीच्या कौतुकाने मान ताठ केली. "मला विचारा! तीन दिवस एक लंगोट खराब केला नाही. एवढं स्वच्छ बाळ आमच्या गल्लीत झालं नाही. घरोघरी सांगून आले मी!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि डॉक्टरांना?"

"कौतुक काय डॉक्टरांना सांगायचं असतं?"

आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला. शेवटच्या भागात चेतापेशीच नव्हत्या. मळ पुढे ढकलणं त्या भागाला जन्मापासून ठाऊक नव्हतं. तेवढा भाग काढून चांगलं आतडं खाली जोडायचं ठरलं.

"मी मिरवत होते, तेव्हा पोर आतून कोंडत होती," आजी फीत बोटाला गुंडाळत म्हणाली.

"आई, कुणालाच कळलं नाही गं," नेलिदा म्हणाली. आजीने फीत सोडवली, पुन्हा गुंडाळली.

शस्त्रक्रिया झाली. इस्पितळात पोट साफ होत होतं, पण घरी आल्यावर पुन्हा सगळं बंद. रविवारपर्यंत शी झाली नाही तर सोमवारी पहाटेच्या बसने परत आणा, असं बाईंनी बजावलं होतं. रविवार उजाडला. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. या दिवसांत देवळात हालेलुया, आनंदाचा तो जयघोष, म्हणत नाहीत. नुसता गुणगुणला म्हणून एका पोरीला आजीनेच गायनमंडळातून खाली उतरवलं होतं.

पाद्री आन्सेल्मो नेहमीसारखे गाऊन उपदेश करत होते. योना माशाच्या पोटात तीन दिवस कोंडलेला. त्यांचा आवाज खाली खाली उतरला, देऊळ श्वास रोखून बसलं. आजीची मान खाली गेली होती.

"आजी! मी शी केली!"

हर्मेलिंदाने नातीला उचललं, हात लावून खात्री केली आणि तशीच बाकावर चढली. "केली हो! चड्डीतच केली! सगळी चड्डी भरली!" आणि भर उपवासकाळात तिने खड्या आवाजात हालेलुया लावला.

सगळ्यांच्या नजरा पाद्रींकडे. त्यांनी डोळे मिटले.

मग तिचाच सूर उचलला.